जातो म्हणणाऱ्याला आधी बसवून तर घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एक पत्र आलं होतं, अमेरिकेतलं सरकार बदललं आणि आता तिकडे गेलेले लोक परत यायची भाषा करतायत, तर गेले होते ना डॉलर कमवायला, आता भोगा म्हणावं, अशा अर्थाचं. ते कुणीतरी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि खाली हसण्याच्या इमोजींची आणि अंगठ्यांची रांग लागली. मी दोनदा वाचलं आणि खरंच सांगतो, रात्री नीट झोप लागली नाही. वीज मंडळात पस्तीस वर्षं काढली, कधी पेपरला पत्र लिहिलं नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. पत्र लांबलंय, कापायचंच असेल तर माझ्याबद्दलचं कापा, आजोबांबद्दलचं राहू द्या.

माझी धाकटी बहीण १९९६ मध्ये लग्न होऊन न्यूजर्सीला गेली. आधी दोघं कामाच्या व्हिसावर, मग ग्रीन कार्ड, मग पोरीच्या शाळेचा वगैरे विचार करून २०१० नंतर तिथलं नागरिकत्व घेतलं. आपल्या घटनेच्या ९ व्या कलमात आहे की स्वतःहून परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, आपल्याकडे दोन्ही ठेवायची सोय नाही, त्यामुळे तिचा अशोकस्तंभवाला पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला, तो तिने अजून दागिन्यांच्या डब्यात ठेवलाय. तिचं घर आता ते आहे, हे मी मान्य केलंय आणि आईनेही जायच्या आधी केलं होतं.

तर ६ नोव्हेंबर २०२४, बुधवार, तिकडे अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल लागत होता, दुपारी दीड वाजता तिचा फोन आला. मी जेवायला बसलो होतो, तिच्याकडे रात्रीचे तीन. मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. ती आधी काही बोललीच नाही, मागून टीव्हीचा आवाज येत होता, मग म्हणाली, "दादा, निघायचं का रे आम्ही इथून?"

आता इथे माझं चुकलं ते सांगतो. मी ताबडतोब म्हणालो, अगं निघ ना, विचारते काय, वरची खोली तुझीच आहे, उद्याच रंग लावून घेतो. मला वाटलं मी मोठ्या भावासारखं वागलो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, अहो, तिने विचारलं होतं, ठरवलं नव्हतं, तुम्ही तिचं ऐकलंत कुठे. आणि खरंच, ती काय बोलणार होती ते मी ऐकूनच घेतलं नव्हतं, उत्तर देऊन मोकळा झालो होतो. पत्रवाले गृहस्थ "भोगा" म्हणाले, मी "ये" म्हणालो, पण दोघांनीही तिला बोलू दिलं नाही यात काही फरक नाही. त्या दिवसानंतर मात्र आम्ही दर रविवारी बोलतो, मी जास्त ऐकतो, आणि जे ऐकलं त्यावरूनच हे पत्र लिहितोय.

पहिली गोष्ट, तिला स्वतःला काही झालेलं नाही. तिची नोकरी आहे, घर आहे, मतदान कार्ड म्हणा की जे काही तिकडचं असतं ते आहे. तरीही तिला निघावंसं वाटत राहिलं, आणि ते काऊन हे समजून घ्यायला मला बरेच रविवार लागले. २० जानेवारी २०२५ ला नवीन अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी एक आदेश काढला की आईवडील तात्पुरत्या व्हिसावर असतील तर तिथे जन्मलेल्या बाळाला आपोआप नागरिकत्व मिळणार नाही. तिथल्या घटनेत १८६८ पासून, चौदाव्या दुरुस्तीनं, जन्माने नागरिकत्व मिळत आलेलं आहे. कोर्टांनी तो आदेश अडवला ती गोष्ट वेगळी, पण बहिणीच्या शेजारी एक तेलुगू पोरगी राहते, तेव्हा सातवा महिना चालू होता तिचा, ती रोज संध्याकाळी येऊन हिच्या किचनमध्ये बसायची आणि एकच विचारायची, आन्टी, तारखेच्या आधी डिलिव्हरी करून घेऊ का. बहीण म्हणते, दादा, मी तीस वर्षं ज्या देशाला आपला म्हटलं तिथे कुणाला हे विचारावं लागतं याने माझा जीव घाबरतो. हे डॉलरचं बोलणं आहे का सांगा.

दुसरी गोष्ट, निघायचं म्हणजे जायचं कुठे. लोकांना वाटतं बॅग भरली की झालं. कॅनडा कॅनडा सगळे म्हणतात, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत निकाल लागत होता त्या रात्री कॅनडाच्या इमिग्रेशनची वेबसाइटच बंद पडली होती इतके लोक एकदम शिरले. पण तिथे पॉइंट्सची सिस्टिम आहे, वयाचे पॉइंट्स विशी ते एकोणतिशीपर्यंत पूर्ण, नंतर उतरत जातात आणि पंचेचाळीसला शून्य. बहीण त्रेपन्न वर्षांची आहे. शिवाय कॅनडानेच आता हात आखडता घेतलाय, २०२५ साठी पाच लाख लोक घ्यायचं ठरलं होतं ते ३,९५,००० वर आणलं. मग राहिला आपला देश. इथे ती ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं त्या कार्डावर, हवी तेवढी वर्षं राहू शकते, काम करू शकते, बँकेत खातं काढू शकते. पण मत देऊ शकत नाही. शेती विकत घेऊ शकत नाही, वारसाने आली तर ठीक, म्हणजे काटोलच्या आमच्या संत्र्याच्या बागेतला बाबांचा हिस्सा तिला मिळेल पण शेजारचं एक एकर घ्यायचं म्हटलं तर नाही. भारताचं नागरिकत्व परत हवं असेल तर पाच वर्षं ओसीआय असायला पाहिजे, अर्जाच्या आधी एक वर्ष इथे राहायला पाहिजे आणि तिकडचं सोडायला पाहिजे. तोपर्यंत अमेरिकेचा टॅक्स रिटर्न इथे बसूनही भरायचाच, कारण तो देश आपल्या नागरिकाला जगात कुठेही असला तरी सोडत नाही. तिकडचं मत मात्र इथून टपालाने देता येतं. म्हणजे ती इथे आली तर जिथे राहणार तिथे मत नाही आणि जिथून निघाली तिथे आहे. हे तिने मला समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

आता आजोबांचं.

नव्या पिढीतल्या अनेकांना माहीत नसतं की नागपूर राजधानी होतं. नुसत्या हिवाळी अधिवेशनापुरती नाही, अख्ख्या मध्य प्रदेशची, त्याआधी सीपी अँड बेरारची, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची. आजोबा सिव्हिल लाइन्सच्या सचिवालयात अप्पर डिव्हिजन क्लार्क होते. १९५५ मध्ये राज्यांची पुनर्रचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगाचा रिपोर्ट आला, त्यात वेगळं विदर्भ राज्य करा असं लिहिलं होतं, तेव्हा ऑफिसात पेढे वाटले गेले की राज्य बदललं तरी राजधानी इथेच. पुढे वर्षभरात ते सगळं फिरलं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नवीन मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली, हायकोर्ट जबलपूरला, आणि ज्या गावात रात्री झोपले ते सकाळी राजधानी राहिलं नव्हतं. (वेगळ्या विदर्भाचा विषय इथे काढत नाही, त्यावर वेगळं पत्र होईल.)

ते जे मधलं एक वर्ष होतं त्यात आमच्या घरात रोज एकच चर्चा. जायचं की राहायचं. आजोबांचे साहेब भोपाळला चालले होते, म्हणत होते चल, तिथे प्रमोशन आहे, फाइली सगळ्या हिंदी-इंग्रजीत, तुझी आयुष्याची सवय. मुंबईकडे नाव गेलं तर मराठी-गुजरातीचं राज्य, कोण ओळखतंय आपल्याला. आजी सांगायची की तिने फडताळातली अर्धी भांडी त्या वर्षी बांधून ठेवली होती, तांब्याचं घंगाळ आणि पितळेचे डबे गोणपाटात शिवून, आणि घरात रोजच्याला दोन पातेली. कुणी पाहुणा आला की गोणपाट उसवायचं, गेला की परत शिवायचं. माझे बाबा तेव्हा नऊ वर्षांचे, त्यांना शाळेत मास्तरांनी विचारलं पुढच्या वर्षीचं नाव घालू का, तर ते रडत घरी आले कारण उत्तरच माहीत नव्हतं.

शेवटी आजोबा राहिले. खालच्या जागेवर, कलेक्टर ऑफिसात, पगार कमी. कारण पणजी अंथरुणावर होती आणि तिला इतक्या लांबच्या प्रवासात नेणं शक्य नव्हतं, बस्स एवढंच, त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. त्यांचे जिवाभावाचे मित्र, शेजारच्याच टेबलावर बसणारे, ते गेले. आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय ती गोष्ट ही आहे की ते गेले त्या दिवशी अख्खा मोहल्ला स्टेशनवर होता. आजीने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी असा मोठा पितळी डबा दिला, त्या मित्राच्या बायकोने तो डबा परत पाठवायचा म्हणून लक्षात ठेवला आणि दोन वर्षांनी कुणाच्या तरी हाती तोच डबा भोपाळहून आला, आत गजक होती. तो डबा माझ्या घरी आहे, झाकणाला पोचा पडलाय. त्यांना तिकडे टीटी नगरात क्वार्टर मिळालं, दोघं मित्र पुढची पंचवीस वर्षं पोस्टकार्डं लिहीत राहिले. एकानेही दुसऱ्याला कधी असं लिहिलं नाही की तू गेलास म्हणजे गद्दार आणि तू राहिलास म्हणजे भित्रा. ती पोस्टकार्डं मी वाचलीत. त्यात जास्त करून पावसाचं, पोरांच्या परीक्षांचं आणि तिकडे चांगली संत्री मिळत नाहीत याचं आहे.

त्याच १९५६ मध्ये, या सगळ्याच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला याच गावात बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत धम्मदीक्षा घेतली. त्यांनी येवल्याला धर्म सोडायचं जाहीर केलं ते १९३५ मध्ये, म्हणजे सोडायचं म्हटल्यापासून सोडेपर्यंत एकवीस वर्षं त्यांनी वाचन केलं, विचार केला, लोकांशी बोलले. आमच्या घरगुती गोष्टीची त्याच्याशी बरोबरी करत नाही, तेवढी अक्कल आहे मला. पण दीक्षाभूमीवरून जाताना मला दरवेळी वाटतं की सोडणं ही गोष्ट आपल्या गावाने एवढ्या गांभीर्याने होताना पाहिलीय, मग आपणच कुणाच्या सोडण्यावर इतक्या लवकर कसे हसतो.

आणि ज्यांना विचार करायला वेळच मिळाला नाही तेही आपल्याकडेच आलेत. जरीपटक्यातली सिंधी कुटुंबं फाळणीनंतर अंगावरच्या कपड्यांनिशी आली. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं की जायचं का, त्यांना जावं लागलं. ज्याच्या हातात अजून विचार करण्याइतका वेळ आहे त्याला तो करू द्यावा असं मला त्यांच्याकडे बघून जास्तच वाटतं.

आता गेल्या वर्षीचं एक, आमच्याच गल्लीतलं. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या समोरच्या घरातला पोट्टा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला होता. तो एच-वन-बीवर, म्हणजे तिकडच्या कामाच्या व्हिसावर, नागरिक बिगरिक नाही. पितृपक्ष चालू, रविवारी २१ तारखेला सर्वपित्री, त्याच्या आईने आजीच्या पानासाठी शनिवारीच वड्यांची डाळ भिजत घातली होती. शनिवारी सकाळी सहाला त्याच्या कंपनीच्या वकिलाचा मेल, की रात्री आदेश निघालाय, एच-वन-बीवर एक लाख डॉलर फी, म्हणजे जवळजवळ ८८ लाख रुपये, अंमल तिथल्या वेळेने रविवार लागताच, रात्री १२ वाजून १ मिनिटापासून, बाहेर असाल तर त्याच्या आत परत या. आपल्या घड्याळात रविवार सकाळ साडेनऊ. सत्तावीस तासांत न्यूजर्सी गाठायचं. मी तेव्हा त्यांच्याकडे पेपर द्यायला गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं, बाप मोबाइलवर तिकिटं शोधतोय आणि दर पाच मिनिटांनी किंमत वाढतेय, पोरगा ओले कपडे दोरीवरून काढून तसेच बॅगेत कोंबतोय, आणि आई किचनमध्ये ती भिजलेली डाळ मिक्सरमधून काढतेय, कारण म्हणे तो निघायच्या आधी चार वडे तरी त्याच्या पोटात जाऊ देत. तो अर्धा वडा हातात घेऊन सोनेगावच्या विमानतळावर गेला, दिल्लीहून विमान पकडलं, आणि विमान सुटल्यावर तिकडून खुलासा आला की ही फी फक्त नवीन अर्जांना, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना नाही. दुसऱ्या दिवशी आजीचं पान बापाने एकट्याने वाढलं.

त्या आईला आमच्या ग्रुपवर कुणीतरी तेच पत्र फॉरवर्ड केलं. ती काही बोलली नाही, ग्रुप सोडला फक्त.

मला माहितीय, पत्रवाल्या गृहस्थांच्या मनात वेगळा राग असू शकतो. आपण इथे खड्ड्यांतून गाड्या चालवायच्या, मतदानाला उन्हात उभं राहायचं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं आणि ते तिकडून सल्ले देणार. हा राग मलाही आला आहे, आई आजारी होती तेव्हा फार आला होता. आणि तो खोटा नाही. पण मग तो राग तसा सांगावा ना, की बाई, तू नव्हतीस तेव्हा, मला जड गेलं. तसं मी माझ्या बहिणीला गेल्या दिवाळीत सांगितलं, ती रडली, मीही रडलो, आणि त्यानंतर आमचं बोलणं जास्त मोकळं झालं. "भोगा" म्हणून काय मोकळं होणार आहे.

आणि नुसतं अमेरिकेचंच कशाला. आपल्याकडे कुठलाही निकाल लागला, दिल्लीचा असो की मुंबईचा, कुठल्याही पार्टीचा असो, की एक जण म्हणतो आता या देशात राहायची सोय राहिली नाही, आणि दुसरा म्हणतो मग चालता हो, अमुक देशात जा. मागची पंधरा-वीस वर्षं मी हे दोन्ही बाजूंनी ऐकतोय, सरकार बदललं की फक्त बोलणारे बदलतात. सरकारनेच संसदेत दिलेले आकडे आहेत, २०२२ मध्ये २,२५,६२० लोकांनी भारताचं नागरिकत्व सोडलं, २०२३ मध्ये २,१६,२१९, २०२४ मध्ये २,०६,३७८. यातला प्रत्येक जण रागाने गेला असं कुणी समजू नये आणि प्रत्येक जण पैशाने गेला असंही समजू नये. कुणाचं पोरगं आजारी असेल, कुणाला जातीचा जाच असेल, कुणाला नुसतं शांत जगायचं असेल. आपण विचारलंच नाही तर कळणार कसं.

आमच्या गल्लीत चौदा घरं आहेत, त्यातल्या नऊ घरांत फक्त नवरा-बायको किंवा एकटं माणूस. पोरं पुण्याला, हैदराबादला, बंगलोरला. त्यांना कुणी नागपूरद्रोही म्हणत नाही, स्टेशनवर सोडायला जातो आपण, डब्यात चिवडा देतो. पुणं आणि न्यूजर्सी यांत अंतर सोडलं तर त्या आईच्या पोटात पडणारा खड्डा सारखाच असतो हे मी दोन्ही पाहून सांगतो.

म्हणून संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. असली टोमण्याची पत्रं छापायला जेवढी जागा जाते त्यातली थोडी कामाच्या माहितीला द्या. परत येऊ बघणाऱ्यांना काय काय लागतं, ओसीआयवर काय चालतं काय नाही, तिकडे वाढलेल्या पोरांना आठवी-नववीत इथल्या शाळा कशा घेतात, मराठी न येणाऱ्या पोराचं काय करायचं, म्हाताऱ्या आईबापांच्या नावावरची घरं, दोन्ही देशांचा टॅक्स. आणि ज्यांना इथून जायचंय त्यांच्यासाठीही तसंच, खरंखुरं, एजंटांच्या जाहिरातींसारखं नाही. आमच्यासारख्या घरांत लोक हे एकमेकांना विचारत फिरतात आणि अर्धवट ऐकून आयुष्याचे निर्णय घेतात. मी स्वतः ओसीआय आणि नागरिकत्व यातला फरक एवढ्या वयात बहिणीकडून शिकलो.

बहीण अजून तिकडेच आहे. ठरलेलं काही नाही आणि मी आता विचारतही नाही. डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी दोघं येतायत, पोरीची परीक्षा संपली की तीही. म्हणाली, दादा, या वेळी लग्नाकार्याला फिरवू नको, मला नुसतं राहू दे, सकाळी धरमपेठच्या भाजीबाजारात जाऊ दे, बँकेत रांगेत उभी राहू दे, लाइट गेली तर जाऊ दे, मला बघू दे की मला जमतं का. वरच्या खोलीच्या खिडकीची कडी तुटलेली होती ती बसवून घेतलीय. रंग नाही लावला अजून, ती आल्यावर तिलाच विचारीन कुठला हवा ते.

आपला,
एक जुना वाचक,
प्रतापनगर, नागपूर